डाव्या सीटवरून

लिलावात आरोग्य केंद्राची जुनी जीप निघाली,
ती सुगंधा सिस्टरनं घेतली,
रिटायर होऊन चौथा महिना,
आणि परतवाड्यात माझ्या दुकानापुढं
एक चाक नालीत घालून उभी केली.
"काटे नीट करून दे," म्हणाली,
"पण कंपनीनं देल्ले तसे नोको.
मले पाहिजे तसे."

पॅनेलचे चार स्क्रू. त्यातला एक
कुणीतरी फिरवून फिरवून गुळगुळीत केलेला.
काच काढली तर आत एक मेलेली गांधीलमाशी
आणि सेमाडोहच्या रस्त्याची पिठासारखी धूळ.
स्पीडचे आकडे एकशेवीसपर्यंत.
सिस्टर हसली:
"येवढी पळाली असती
तर अर्धी पोरं हिच्यात नसती जन्मली."

म्हणून साठपर्यंतच लिहिले आकडे,
मराठीत, जाड,
ऑपरेशन न झालेल्या मोतीबिंदूला दिसतील असे.
साठच्या पुढं नुसता काळा रंग.

तापमानाच्या तबकडीवरचा इंग्रजी एच खरवडला.
तिथं तिनं लिहायला लावलं: थांब.
"गरम झालं म्हणून काय सांगते?
मे महिन्यात सारंच गरम.
काय कराचं ते सांग म्हणा."

बावीस वर्षं ती डावीकडे बसली,
मांडीवर लसींचा थंड डबा.
तबकड्या मधोमध, सानू बेठेकर उजवीकडे.
तो म्हणायचा चाळीस,
हिला दिसायचे पन्नास.
"त्या दहावरून किती भांडलो बाप्पा.
एकदा तर उतरून चालत गेली मी
हतरूच्या फाट्यापर्यंत."

डिझेलचा काटा कधी हललाच नव्हता म्हणे.
सानू टाकीत बांबूची काडी बुडवायचा.
ती काडी तिनं पिशवीतून काढली,
गॉजच्या पट्टीत गुंडाळलेली,
तेलानं काळी झालेली, चाकूच्या खाचांची.
"हे सेमाडोह. हे हरिसाल. हे धारणी.
अन् हे खालचं, हे फक्त परत याचं."
खाचांमधलं अंतर सारखं नव्हतं.
मी आधी हसलो, मग मोजलं:
टाकीचा उतरता तळ, घाटाचा चढ,
थांबून थांबून पेटवलेलं इंजिन,
सगळं धरलं होतं त्या माणसानं.

नवा फ्लोट बसवला.
मी मागून कॅननं ओततो, काडी घालतो, ओरडतो,
"सेमाडोह!"
पुढं ती काट्याखाली पेन्सिलचं टिंब देते,
"झालं सेमाडोह! पुढं चाल!"
पंक्चरवाला रऊफ टायर सोडून उभा राहिला,
"काऊन बे, एसटीत लागला का?"

उजेडाचं मात्र अडलं.
आजकाल पोरं निळे दिवे लावून घेतात,
मी दोन दाखवलेही.
ती म्हणाली, नको,
कोंबडीच्या पिलांवर लावतात तसला लाव.
पिवळा बल्ब लावला, बिनभावाचा.

काल चाचणीला निघालो.
तिनं गाडी सानूच्या दारातून नेली.
तो आला, टोपी काढली, परत घातली,
आणि सवयीनं उजव्या दाराशी गेला.
तिथं सिस्टर बसलेली.
मग फिरून डावीकडे चढला.
काडी दिसली त्याला, बोलला नाही,
फक्त अंगठ्यानं एक खाच चाचपली.
चढाला डिझेल मागं सरकलं
तशी हरिसालची धारणी झाली,
ते मी तिला आधीच सांगून ठेवलेलं.

बिहालीच्या पुढं सपाट रस्ता लागला.
"बाई, हळू. पन्नासवर गेली."
"चाळीस हाये."
"पन्नास हाये, मले दिसून नाही राह्यलं का?"

मी मागच्या सीटवरून
दोघांच्या मधून मान घातली.
पंचेचाळीस.

गप्प बसलो.
माझं बिल अजून द्यायचं होतं तिनं.